काहीच घडत नाही, तरी सिनेमा?

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या तिघी मैत्रिणींचं चित्रण केलं. पोहणं, लोळणं, गप्पा, बस्स. गोष्ट अशी नाहीच. याचा सिनेमा होईल का?

उत्तर : होईल, नक्की होईल! प्रायोगिक चित्रपटकार योनास मेकस वर्षानुवर्षं हेच करत राहिले. हातात बोलेक्स कॅमेरा, समोर मित्रमंडळी आणि ऊन. तो १६ एमएम कॅमेरा चावीवर चाले. एकदा चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट. १९६५ मध्ये आलेल्या सुपर ८ या घरगुती चित्रणाच्या फिल्मचं रीळही सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंदांत संपे. म्हणजे निवड चित्रण करतानाच व्हायची. तुमच्याकडे तासन् तास साठले असतील, तर ती आता संकलनात करा.

मैत्रिणीवरच्या माझ्या लघुपटात मी आधी सगळ्या गप्पा ठेवल्या होत्या. कापत कापत शेवटी उरली ती ओले केस पिळणारी तिची पाठमोरी आकृती, आणि त्यावर भलत्याच दुपारचं तिचं हसणं. मला तीच खरी वाटते. तुम्हीही आवाज चित्रापासून सोडवून पाहा. कॅमेरा मैत्रिणींच्याही हाती द्या. तुम्ही चौकटीत नसाल तर मैत्री अर्धीच दिसेल. आणि बाहेर दाखवण्याआधी तिघींना दाखवा. एखादी ‘हे नको’ म्हणाली, तर तो तुकडा काढाच.