माळ्यावरचा टीव्ही पुन्हा सुरू करताना

प्रश्न : वडिलांनी १९८६ साली घेतलेला १२ इंची कृष्णधवल पोर्टेबल टीव्ही वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर पडून आहे. तो घरच्या विजेवर चालत असे, तसाच मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालत असे. मला सोल्डरिंग येते. प्लग लावून पाहू का? आणि अँटेनावर आता काही दिसत नाही, मग चित्र कुठून आणावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : प्लग लावून पाहण्याचा मोह कृपया आवरावा. इतकी वर्षे वीज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांतील ऑक्साइडचा पातळ थर क्षीण झालेला असतो. त्यांना एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाले की ते तापतात, क्वचित फुटतात, आणि त्यांच्यापायी आज जवळजवळ न मिळणारा ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मरही (पिक्चर ट्यूबसाठी हजारो व्होल्टचा उच्च दाब, म्हणजे ई.एच.टी., तयार करणारा) जळू शकतो. म्हणून आधी मागचे झाकण उघडून कोरड्या ब्रशने धूळ काढावी, फुगलेले किंवा गळलेले कंडेन्सर बदलावेत आणि ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर व त्याला चालवणारा हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर यांच्या पायांचे सोल्डर भिंगातून पाहावे, कारण सततच्या उष्णतेने तिथलेच सांधे सर्वांत आधी तडकतात. पिक्चर ट्यूब निर्वात असते आणि तिची मान फार नाजूक असते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा आणि मानेला धरून ट्यूब कधीही उचलू नये.

शॉकची भीती बहुतेकांना नेमकी चुकीच्या वेळी वाटते. इतक्या वर्षांनी ट्यूबमध्ये चार्ज उरलेला असण्याची शक्यता नाही. धोका सुरू होतो तो तुमच्या पहिल्या चाचणीनंतर. अशा संचात ॲनोडवर (ट्यूबच्या काचेवर रबरी टोपीखाली असलेल्या उच्च व्होल्टेजच्या जोडावर) साधारण दहा-बारा हजार व्होल्ट असतात, आणि काचेच्या आतबाहेर ग्रॅफाइटचा लेप असल्यामुळे ट्यूब स्वतःच एक कंडेन्सर बनते व टीव्ही बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवते. म्हणून ट्यूबच्या बाहेरच्या लेपावरून गेलेल्या उघड्या तारेला एका वायरचे टोक जोडावे, दुसरे टोक उच्च व्होल्टेज सोसणाऱ्या मोठ्या रेझिस्टरमार्फत चांगल्या इन्सुलेशनच्या लांब पेचकसाला जोडावे, आणि एक हात पाठीमागे ठेवून पेचकसाचे टोक रबरी टोपीखाली सरकवावे. काही मिनिटांनी हेच पुन्हा करावे, कारण चार्ज थोडासा परत उभा राहतो.

तुमचा संच बॅटरीवर चालतो, ही मोठी सोय आहे. करंटची मर्यादा ठरवता येणाऱ्या १२ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर, ध्रुव तपासून, मर्यादा सुमारे दोन ॲम्पिअर ठेवून पहिली चाचणी घ्यावी. घरच्या विजेची पाळी नंतर, आणि तीही ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून : बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तेजस्वीच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मात्र सिरीज बल्ब शॉकपासून वाचवत नाही. ज्या संचांत वीज ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट ब्रिज रेक्टिफायरकडे जाते, त्यांची चॅसी (आतला धातूचा सांगाडा व सर्किटची ग्राउंड) प्लग कसाही लावला तरी जिवंत, म्हणजे शॉक देणारी, असते आणि मुख्य कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. तिथे संचाला घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर झाकण उघडून चाचणी घेऊच नये.

पडद्यावर फक्त एक आडवी रेघ दिसली तर ब्राइटनेस लगेच कमी करावा, नाहीतर तिथला फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) कायमचा जळतो. दोष बहुधा चित्र उभे पसरवणाऱ्या व्हर्टिकल भागातल्या कंडेन्सरात किंवा सोल्डरमध्ये सापडतो. पावसाळ्यात रबरी टोपीपाशी चरचर ऐकू आली तर टीव्ही बंद करून, ट्यूब डिस्चार्ज करून, टोपी व काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. चित्र मोठे करण्यासाठी आतल्या व्होल्टेज रेग्युलेटरचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा नियंत्रक) मात्र फिरवू नये, त्याने ई.एच.टी. वाढतो.

दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली. त्यामुळे डीडी फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सची ए.व्ही. जोडणी आर.एफ. मॉड्युलेटरला (चित्र-ध्वनीचे अँटेनासारख्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या डबीला) द्यावी आणि त्याचे आउटपुट ७५ ओहमची केबल ३०० ओहमच्या अँटेना-जोडाशी जुळवणाऱ्या ‘बलून’ (balun) या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून मागच्या अँटेनाच्या दोन स्क्रूंना जोडावे. मॉड्युलेटर पाल-बी (भारतातील जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणाच्या) पद्धतीचा, व्ही.एच.एफ. चॅनेलचा आणि ध्वनीसाठी ५.५ मेगाहर्ट्झचा आहे, हे घेण्यापूर्वी पाहावे; ध्वनीची फ्रिक्वेन्सी वेगळी असलेल्या मॉड्युलेटरवर चित्र आले तरी आवाज नीट येत नाही.