उतराई म्हणजे भाडं नव्हे

विचारणा अशी : पुरातून वाचलेल्या एका कुटुंबाच्या पत्रिकेत 'देवाचे उतराई होण्यासाठी सत्यनारायणाची पूजा' असं छापलंय. 'उतराई' आला कुठून, आणि इथे तो बरोबर आहे का?

शब्दही पाण्यातूनच आलाय. संस्कृत 'उत्' + 'तॄ' म्हणजे पार होणं. उतार (नदी पायी ओलांडायची जागा), उतारू, उत्तीर्ण ही सगळी त्याच गोतातली मंडळी. 'देव तारी त्याला कोण मारी' यातला 'तारी'सुद्धा. देवाने वाचवलं म्हणताना आपण नकळत त्याच्या हाती वल्हं देतो!

हिंदीत उतराई म्हणजे नावेचं भाडं. रामचरितमानसातला केवट, म्हणजे नावाडी, रामाला सांगतो, पाय तेवढे धुऊ द्या, उतराई नको. आपल्याकडच्या चराई, शिलाईसारखाच हा मोल दाखवणारा 'आई' प्रत्यय. त्यावरून मराठी उतराईलाही भाडं समजायचा मोह होतो. मला ते पटत नाही. भाडं देतात, भाडं कुणी 'होत' नाही. आपण मात्र 'तो उतराई झाला', 'ती उतराई झाली' असंच म्हणतो. म्हणजे हे विशेषण, उत्तीर्णच्या शेजारचं. जुन्या मराठीत उपकारातूनही उत्तीर्ण होत असत. परीक्षा नंतर आल्या.

आता पत्रिका. तुकोबा संतांच्या उपकारांबद्दल म्हणतात, 'काय द्यावे त्यांसी व्हावे उतराई । ठेविता हा पायी जीव थोडा'. जीव दिला तरी कमीच. हा शब्द बहुधा असाच येतो, प्रश्नात नाहीतर नकारात : 'कसा उतराई होऊ?' एका पूजेत उतराई म्हटलं, की दुकानदाराची उधारी चुकती केल्यासारखं वाटतं. व्याकरणात चूक नाही, कानाला खटकतं एवढंच. आधी बोललेलं असेल तर सरळ 'नवस फेडण्यासाठी' लिहावं. नसेल तर 'देवाच्या कृपेने सुखरूप आहोत, म्हणून पूजा' एवढं पुरे.

2019च्या ऑगस्टमधल्या पुरात शिरोळ तालुक्यात एक म्हातारी नावेतून काठाला लागलेली पाहिली होती. कनवटीची ओली नोट तिने नाववाल्यापुढे धरली. त्याने हात मागे घेतला. तिने तीच नोट नावेच्या कडेला टेकवून कपाळाला लावली आणि म्हणाली, "दत्तम्हाराजांनीच धाडलं बगा तुला."

"व्हय मावशी," तो म्हणाला, "आता उतरा. पाय जपून."