घर न सोडता संन्यास

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

हिंदू विचारात सर्वसंगपरित्याग हेच सर्वोच्च ध्येय मानले आहे, असे तुला महाविद्यालयात शिकवले. मग शेती, सोसायटीचे कर्ज आणि नातवंडांची आजारपणे यांत शेवटपर्यंत गुंतलेल्या आपल्या माळकरी आजोबांची भक्ती दुय्यम ठरते का, असे तू फोनवर विचारलेस. तुला शिकवले ते चुकीचे नाही. ज्ञान झाल्यावर कर्माला जागा उरत नाही, ही शंकराचार्यांची भूमिका शतकानुशतके प्रमाण मानली गेली. परंतु आजोबा ज्या वारकरी परंपरेतले, तिने निराळे उत्तर दिले, आणि ते एका घराने फार मोठी किंमत मोजल्यावर आले, असे मला वाटते.

परंपरा सांगते की ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी पत्नी रुक्मिणीबाईंना मागे ठेवून काशीत संन्यास घेतला. हे कळताच गुरूंनी त्यांना घरी परत पाठवले. पुढे चार मुले झाली. पण ‘संन्याशाची पोरे’ म्हणून त्यांना वाळीत टाकण्यात आले, मुलांची मुंज नाकारण्यात आली आणि अखेर आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला.

त्यांतल्याच एका मुलाने १२९० साली नेवाशात गीतेवर मराठीत भाष्य सांगितले. पाचव्या अध्यायात संन्यास श्रेष्ठ की कर्मयोग, हा अर्जुनाचाच प्रश्न आहे. तेथे ज्ञानेश्वर म्हणतात की ‘मी’ आणि ‘माझे’ यांची आठवण ज्याच्या अंतःकरणातून गेली तोच खरा संन्यासी, आणि त्याला घरदार टाकावे लागत नाही. विस्तव विझून नुसती राख उरली की ती कापसातही गुंडाळून ठेवता येते, असा त्यांचा दृष्टांत आहे. बापाच्या त्यागापायी आईचे काय झाले हे पाहिलेल्या मुलाने हे सांगावे, याचे मोल मला फार वाटते. त्यांनी स्वतः संसार केला नाही हे खरे. पण एकनाथांनी पैठणात केला आणि सावता माळी अरणच्या मळ्यातच राहिले. पुढे लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून, ज्ञान्यानेही लोकांसाठी कर्म करीत राहावे, हे शास्त्रार्थाने मांडले.

आता आजोबांविषयी. पाऊस लांबून पेरणी अडली की वारी चुकल्याची हळहळ त्यांना लागे, तरी शेत तसेच टाकून ते कधी गेले नाहीत. वाटणीत विहिरीचा तुकडा धाकट्या भावाकडे गेला, तेव्हा त्यांनी कागदावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच भावाच्या बांधावर बसून त्याच्याबरोबर भाकरी खाल्ली. त्या विहिरीचा विषय पुन्हा त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. त्यांचे सगळेच ‘माझे’ सुटले होते असे मी म्हणणार नाही. तुम्हा नातवंडांच्या बाबतीत तर मुळीच नाही. मात्र जे सुटले ते संसारात राहूनच सुटले, आणि त्याला दुय्यम म्हणण्यास मी तयार नाही.

पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीच्या ओव्या तू स्वतः वाच. भाषा जुनी आहे, अडेल तेथे खूण करून ठेव. रविवारी फोनवर आपण त्या एकत्र लावू.

तुझा,
बाबा