एका पेशीला काही ठरवता येतं का?

प्रश्न: आठवीतल्या मुलाला शाळेत मायक्रोस्कोपखाली पॅरामिशियम दाखवलं, ते कशालातरी आपटून मागे वळलं तर हा म्हणतो त्याला कळतं, आणि बाई म्हणाल्या ती नुसती आपोआप होणारी रिअ‍ॅक्शन आहे, मेंदूच नाही तर कळणार कशाने? आम्ही काय समजायचं? – एक वाचक, मिरज

उत्तर: पॅरामिशियमच्या त्या वळण्यापुरतं बाईंचं बरोबर आहे. आपटलं की पेशीत कॅल्शियम शिरतं, सिलिया (पेशीवरचे बारीक केसांसारखे तंतू) उलट्या फिरतात आणि ते मागे येतं, बस. पण म्हणून सगळ्याच एकपेशीय जीवांचं असंच असतं असं नाही.

स्टेंटर रोझेली बघा. तळ्यात शेवाळाला वगैरे चिकटून राहणारा, तुतारीच्या आकाराचा जीव. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हर्बर्ट जेनिंग्ज या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या तोंडावर कारमाइनची (एका लाल रंगाची) पूड सोडून बघितली. आधी तो बाजूला वाकतो, पूड येतच राहिली तर सिलिया उलट्या फिरवून ती बाहेर ढकलतो, तरी थांबली नाही तर आक्रसून घेतो, थोड्या वेळाने परत बाहेर येतो, परत तेच झालं तर परत आक्रसतो आणि शेवटी जागा सोडून पोहत निघून जातो. त्रास तोच पण वागणं बदलत जातं, म्हणजे आधी काय होऊन गेलंय त्याचा हिशोब पेशीत कुठेतरी राहतो, आणि तोही मेंदूशिवाय! मला तर हे फार मोठं वाटतं.

१९६७ मध्ये दुसऱ्यांनी करून बघितलं तेव्हा हे दिसलं नाही आणि जेनिंग्ज मागे पडले, पण त्यांनी वापरलेली जात होती स्टेंटर सेरुलियस, जी चिकटून बसण्यापेक्षा पोहतच जास्त असते. २०१९ मध्ये हार्वर्डच्या जेरेमी गुणवर्धना यांच्या गटाने योग्य जात घेऊन प्लास्टिकचे बारीक मणी सोडले. प्रत्येक जीव सगळ्या पायऱ्या घेत नाही, पण वाकणं आणि सिलिया फिरवणं आधी, आक्रसणं नंतर, हा क्रम दिसलाच. आक्रसायचं की सुटून जायचं, हे मात्र छापा-काट्यासारखं जवळपास निम्मं-निम्मं.

स्टेंटर विचार करतो असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण सगळं केमिस्ट्रीने चालतं म्हणून ते बिनडोक, हेही पटत नाही, आपल्या मेंदूतही केमिस्ट्रीच चालते. मुलाला सांगा, एकदा आपटलेलं बघून ठरवू नकोस, तोच त्रास परत परत देऊन वागणं बदलतं का ते बघ, आणि बाईंनाही बरोबर घे.