फक्त उभं राहायचे पैसे

बाळा,

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. त्यात विचारलेली गोष्ट एवढीच आहे: बेसा रोडकडच्या एका प्लॉटवर शनिवारी आणखी चार पोट्ट्यांसोबत जाऊन उभं राहायचं, कोणाला हात लावायचा नाही आणि घरी येताना खिशात मागच्या फाईटच्या मानधनापेक्षा जास्त पैसे. "सर, फक्त उभं राहाचं हाय" हे वाक्य तू तीन वेळा लिहिलंस. मला पटावं म्हणून लिहिलंस की स्वतःला?

जाऊ नकोस.

तुला वाटतं पैसे देणारा तो प्लॉटवाला तुझा वेळ विकत घेतोय. उभं राहायला वेळच हवा असता तर सीताबर्डीवरून कोणालाही उचलून नेलं असतं त्यानं. त्याला तुझे मोडलेले कान पाहिजेत, तुझी मान पाहिजे, इंटरनेटवर फिरणारा तुझ्या नॉकआउटचा व्हिडिओ पाहिजे. समोरच्या म्हाताऱ्यानं तुला बघून कुलूप उघडून द्यावं, एवढ्यासाठी ते पैसे आहेत. केजच्या, म्हणजे फाईटच्या जाळीच्या पिंजऱ्याच्या, बाहेर हात उचलायचा नाही हे तू मान्य करतोस, तसं लिहिलंही आहेस. पण हाताची भीती विकणं हेही हात उचलणंच आहे. हे तुला मान्य करावं लागेल, नाहीतर आपलं पुढचं बोलणं व्यर्थ आहे.

कायदाही तेच म्हणतो. तू आणि ते चौघे, झाले पाच. पाच किंवा जास्त जण धाक दाखवून जागेचा ताबा घ्यायला जमले की तो बेकायदेशीर जमाव. त्यातल्या एकानं त्याच कामाच्या भरात कोणाचं डोकं फोडलं, तरी गुन्हा पाचही जणांच्या नावावर चढतो. जुन्या दंड संहितेत हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. "मी तर नुसता उभा होतो" हे तिथे चालत नाही. कोर्टात खटला उभा राहिला की पासपोर्ट अडकतो. पासपोर्ट नाही म्हणजे फाईटला अबूधाबी नाही, बँकॉक नाही, पुढचं काहीच नाही. आणि फाईट जमली नाही तर पोलीस भरती आहेच असं म्हणतोस ना? तिथे चारित्र्य पडताळणी होते.

आता तुझ्या हाताबद्दल. मागच्या फाईटच्या आधी तुझे हात मी बांधले, तेव्हा तू घाबरून दरवाजाकडे बघत होतास, म्हणून तुझं लक्ष नव्हतं. आधी गॉजची पट्टी मनगटावर, मग अंगठ्याभोवती, मग बोटांच्या मुळांवर घडी ठेवून त्यावरून. मग टेप, पण गाठींच्या हाडांवर टेप येऊ द्यायचा नाही. हे सगळं आयोजकांचा एक माणूस समोर खुर्ची टाकून बघत होता. बांधून झाल्यावर त्यानं दोन्ही हात उलटसुलट दाबून पाहिले आणि काळ्या मार्करनं टेपवर सही केली. त्या सहीचा अर्थ असा, की या हातांनी आता जे होईल त्याला समोरच्याची संमती आहे, डॉक्टर बसलेला आहे, रेफरी मध्ये पडणार आहे, आणि समोरच्यानं हार मानून मॅटवर थाप मारली की तू त्याच क्षणी सोडणार आहेस. बाहेर ही सही कोण करतं?

बाहेर ग्लोव्ह नसलेल्या मुठीनं एखाद्याच्या कवटीवर मारलंस तर करंगळीमागचं हाड तुझंच मोडतं. त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. महिनाभर हात प्लास्टरमध्ये, मग कडकपणा, मग ठरलेली फाईट गेली. आणि समोरचा पडला तर कॅनव्हासवर पडत नाही, सिमेंटवर पडतो. माणूस बऱ्याचदा ठोशानं मरत नाही, डोकं जमिनीवर आपटल्यानं मरतो. आपला चोक, गळा आवळायचा डाव, बरोबर बसला तर दहा-एक सेकंदात माणूस बेशुद्ध होतो. केजमध्ये रेफरी तुझा हात सोडवतो. प्लॉटवर, अंधारात, चार जण ओरडत असताना ते कोण मोजणार?

सुशील कुमार माझ्या पिढीचा देव होता. 2008 ला बीजिंगमध्ये कांस्य, 2012 ला लंडनमध्ये रौप्य. मे 2021 मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मारहाण झाली, एक तरुण पैलवान गेला आणि त्या खुनाच्या गुन्ह्यात सुशीलला अटक झाली. दोषी की निर्दोष ते कोर्ट ठरवेल, मी ठरवणार नाही. पण ज्या माणसाचं नाव घेऊन पोरं लंगोट बांधायची, त्याचं नाव आता आधी तारखांच्या बातमीत येतं. केज फायटर हबीबचंही बघ. 6 ऑक्टोबर 2018, लास वेगास, समोरच्या मॅकग्रेगरला चौथ्या राउंडमध्ये थाप मारायला लावली. तिथे थांबला असता तर रात्र त्याचीच होती. जाळी ओलांडून बाहेर उडी मारली आणि नऊ महिन्यांची बंदी, पाच लाख डॉलर दंड. हात तेच, माणूस तोच. फक्त जाळीची बाजू बदलली.

"सर, तुम्हाला बोलायला काय जाते," असंही लिहिलंस. वाईट वाटलं. काय जातं ते सांगतो.

काटोलकडे आमची थोडी संत्र्याची बाग होती. चुलत्यांनी धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडून आत घेतला. धाकट्या भावानं फोन केला, "दादा, तू फक्त ये." मी गेलो. मला बघून चुलतभाऊ दोन पावलं मागे सरले, ते मला दिसलं. अजून एक पाऊल मी पुढे टाकलं असतं तर धुरा त्याच दिवशी परत मिळाला असता. मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि म्हणालो, मोजणी मागू. भाऊ माझ्या तोंडावर थुंकायचा बाकी राहिला. मोजणी रखडली, मग दावा, मग तारखा. निकाल लागायच्या आधी बाबा गेले. धुरा शेवटी मिळाला, भाऊ मात्र पूर्वीसारखा बोलत नाही. लग्नात, तेराव्याला, समोरासमोर आलो की "बरे आहात का" एवढंच. "आहात" म्हणतो, "आहेस" नाही.

याची सल मला आहे, रोज आहे. तरी पुन्हा तसंच करीन. मी तिथे एक पाऊल टाकलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात गावातला कोणीतरी आपल्या धुऱ्याचं भांडण घेऊन माझ्या दारात आला असता, आणि तिसऱ्यात तुझ्या त्या माणसासारखा एखादा प्लॉटवाला. माझ्याबरोबर महालच्या आखाड्यात माती अंगाला लावणारे काही जण आज मोठ्या गाड्यांतून फिरतात. मी नंदनवनात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. लोक म्हणतात वस्तादला हिंमत नव्हती. म्हणू दे. माझ्याकडे सकाळी लेकरं पाठवताना त्यांच्या आया मागे वळून बघत नाहीत. ते मला किती पैशांत मिळालं असतं, सांग?

पैशाचं खोटं नाही, ते मला ठाऊक आहे. शो मनी, म्हणजे नुसतं फाईटला उतरल्याचे पैसे, तुटपुंजे; जिंकलास तर वर विन मनी, हरलास तर ते नाही. फाईटच्या आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस, सीटी स्कॅन, सगळं बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. घरी आईची शुगर. म्हणून नुसता नाही म्हणत नाही. संध्याकाळची लहान पोरांची बॅच तू घे, फी सगळी तुझी, जागेचं भाडं मी बघतो. भरतीवाल्या पोरांना पहाटे पळवायला माणूस पाहिजेच आहे, ते दरमहा देतात. प्लॉटवाल्याइतके होणार नाहीत. अर्धेही होणार नाहीत.

त्याला उद्या सकाळी फोन कर. मेसेज नको. मेसेजला तो उत्तर देईल, रक्कम वाढवेल आणि तू पुन्हा मला तीन पानं लिहिशील. फोनवर नाही म्हण, कारण सांगू नकोस, ठेवून दे. मग सीटी स्कॅनची जुनी फाईल आणि पासपोर्टचा फॉर्म घेऊन ये. आणि त्या चौघांपैकी जो आपल्याकडे येत होता, त्यालाही आण.

तुझा,
सर