घाटात रेंज नसताना निरोप कसा पोचतो?

प्रश्न: माझा मालवाहू टेंपो साखळीहून चोर्ला घाटाने बेळगावला जातो. बऱ्याच वळणांवर मोबाइलला रेंज मिळत नाही. गाड्या रेडिओ-यंत्राने टॉवरशिवाय एकमेकींना निरोप देतात, असं मुलगा सांगतो. ते यंत्र सतत चालू ठेवलं तर बॅटरी उतरेल का? आणि निरोप पुढे जातो कसा?
– एक वाचक, केरी, सत्तरी

उत्तर: धावत्या टेंपोची काळजी नको. अशा यंत्राचं प्रक्षेपण साधारण 200 मिलीवॅटचं असतं. हेडलाइटचा बल्ब 55 वॅट खातो. इंजिन बंद करून टेंपो रात्रभर उभा ठेवलात, तर मात्र हिशोब बदलतो.

खरी उधळपट्टी होते ती एकच गोष्ट सगळ्यांनी पुन्हा पुन्हा बोलण्यात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एओडीव्ही’ या, गरज पडेल तेव्हाच निरोपाचा मार्ग शोधणाऱ्या पद्धतीत मार्ग शोधायचा म्हणजे विचारणा चहूकडे पसरवायची. गाड्या हलल्या की मार्ग तुटतो, की पुन्हा तीच हाकाटी. संध्याकाळी पणजीत खोळंबलेल्या शेकडो गाड्यांनी असं केलं तर कुणाचंच धड ऐकू यायचं नाही. यावरचा एक उपाय मला फार आवडतो. निरोप ऐकलेली प्रत्येक गाडी क्षणभर थांबते. निरोप देणाऱ्या गाडीपासून सर्वांत पुढे असलेली सर्वांत कमी थांबते, म्हणून तीच आधी बोलते. तिचं ऐकून बाकीच्या गप्प राहतात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की शक्ती चौपट लागते. म्हणून बरोबर मधे एक गाडी घेतली तर प्रक्षेपणाचा एकूण खर्च निम्मा होतो. पण नुसतं ऐकत बसलेला रेडिओही वीज खातो, तेव्हा टप्पे वाढवत नेण्यात अर्थ नाही.

घाटात वेगळीच अडचण. या यंत्रांच्या 5.9 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी डोंगर भेदत नाहीत. तिथे उतरणारी जीप वरच्या कोंडीचा निरोप स्वतःजवळ ठेवते आणि तुमचा टेंपो समोर आला की देते. दोघांचा वेग ताशी 30 किलोमीटर आणि रेडिओचा पल्ला पुढे-मागे 100-100 मीटर धरला, तरी 12 सेकंद मिळतात. छोट्या निरोपाला सेकंदाचा अंशही पुरतो. मधल्या वाटेवर प्रक्षेपणाची वीज शून्य!

अपघाताच्या इशाऱ्याला एवढी वाट पाहणं परवडत नाही. त्यासाठी केरीच्या वरच्या आंधळ्या वळणांवर सौरऊर्जेची यंत्रं हवीत, एरवी झोपलेली आणि गाडीची हाक येताच जागी होणारी. ही मागणी तुम्ही घाटातल्या गाडीवाल्यांनी मिळून लावून धरा.