जळगावात घर बांधतोय. कूलर-एसीचे पॉइंट कुठे काढावेत?

कूलरचा पॉइंट खिडकीलगत, पण घराच्या आतल्या बाजूने काढा आणि एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन द्या. दोन्ही प्लास्टरच्या आधीच. मी याच भागात वायरिंगची कामं करतो. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, कूलर दिवसरात्र चालतो. पंपाची वायर पाण्यात सोलली गेली की पत्र्याच्या बॉडीत करंट उतरतो, आणि टाकी भरायला हात घालणारं बहुतेक घरातलंच लेकरू असतं. म्हणून तीन पिनांचं सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच), यात काटकसर नकोच. दीड टनाच्या एसीला १६ अँपिअरचं सॉकेट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. डक्टचा (पत्र्याच्या नळीतून खोल्यांत हवा सोडणारा) कूलर गच्चीवर बसवणार असाल, तर मात्र पॉइंट तिथेच, झाकणाच्या वॉटरप्रूफ बॉक्समध्ये घ्या.